बाईंच्या डेकवरची लाल रेघ

स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, तेव्हा लिडिया हार्यूने क्षणभर डोळे मिटून घेतले. ती पेल्टोबाईंच्या घरामागच्या लाकडी डेकखाली, त्या उंच ओट्याखाली, उताणी पडली होती. छातीवर बॅटरी, केसांत कोळ्याची जाळी. घराच्या भिंतीला जोडलेली तुळई बाहेरून चांगली धडधाकट दिसत होती. आतून ती दुधात भिजवलेल्या पावासारखी झाली होती.

"काय दिसतंय?" वरून आवाज आला. दोन फळ्यांमधल्या फटीतून बाईंच्या सपातांचे तळवे आणि काठीचं रबर दिसत होतं.

"कुजलंय, बाई."

"किती?"

"शंभरातले बारा मार्क द्या फार तर."

"म्हणजे नापास." काठीचं रबर दाराकडे सरकलं. "तू बारापर्यंत मोजायला शिकलीस हेच पुष्कळ आहे. ये वर. कॉफी ठेवलीय."

या गल्लीतल्या निम्म्या लोकांना पेल्टोबाईंनी गणित शिकवलं होतं. लिडियालाही आणि तिच्या नवऱ्याला, वेसलाही. आता बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत त्यांचं पुढचं दार बर्फाखाली असायचं. सुपिरियर सरोवरावरून येणारं वारं सगळा बर्फ त्या बाजूला आणून लोटत असे. येणं-जाणं दक्षिणेच्या मागच्या दारानं. आणि त्या दारापासून अंगणापर्यंतचा रस्ता म्हणजे हा देवदारी लाकडाचा डेक.

स्वयंपाकघरात फ्रिजवर लोहचुंबकाखाली एक कागद अडकवलेला होता. बाईंच्या पुतण्यानं ईस्टरला तो आणला होता. गावातल्या वृद्धाश्रमाचा अर्ज. बर्फ पडायच्या आत डेक नीट झाला तर बाई घरी, नाहीतर हा अर्ज भरायचा, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे पुतण्यानं ठरवलं होतं.

बाईंनी मान खाली घालून कॉफीसाठी देवाचे आभार मानले, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा लिडियापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "तू शेजारी लाहतींकडं बसवलंस ना, ते प्लॅस्टिकचं, तेच बसव. ना रंग, ना तेल. मी मेल्यावरही कुणाला बघायला नको."

"बरं."

"वेसला कोण सांगणार? तू का मी?"

लिडिया पावाचा चुरा बोटानं गोळा करत राहिली.

वेस डेकना तेल द्यायचं काम करी. धुवायचं, घासायचं, वाळू द्यायचं, मग तेलाचे दोन हात. या हवेत लाकडाला दर उन्हाळ्याला हे करावंच लागतं. एके काळी त्याच्या यादीत त्रेचाळीस डेक होते. मग लाकडाचा भुसा आणि जुन्या पिशव्या वितळवून केलेल्या या कॉम्पोझिट फळ्या आल्या. पहिल्या वर्षी वेस हसला. तिसऱ्या वर्षी लिडियानं शाळेच्या भटारखान्यातली नोकरी सोडली आणि त्याच फळ्या बसवायला शिकली, कारण घर कुणीतरी चालवायला हवं होतं. हात चांगला होता तिचा. तिनं बसवलेला प्रत्येक डेक वेसच्या यादीतून एक नाव खोडत गेला. हे वाक्य त्या घरात कधीही कुणी उच्चारलं नव्हतं.

गेली तीन वर्षं यादीत एकच नाव होतं. पेल्टो. वेसचा हात आता थरथरायचा, त्यामुळं दोन दिवसांचं काम सहा दिवस चाले. तरी जून लागला की तो ब्रश काढून तेलात भिजत घाली.

"मीच सांगते," लिडिया म्हणाली.

सांगितलं तिनं शनिवारी, सौनात, अंगणातल्या वाफेच्या लाकडी खोलीत. दोघं वरच्या फळीवर पाठीला पाठ लावून बसले होते. तापलेल्या दगडांवर वेसनं पळीभर पाणी टाकलं आणि वाफ सळसळत वर आली.

"पेल्टोबाईंचा डेक खालून गेलाय," ती म्हणाली. "नवा करायचाय. माझ्यावाला."

वेसनं आणखी एक पळी टाकली. मग आणखी एक. लिडियाचे कान भाजायला लागले, पण ती उठली नाही.

"रंग कुठला?" शेवटी त्यानं विचारलं.

"भुरका. फिकट."

"हं. बाईंना शोभेल."

काम ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात सुरू झालं. लिडियाबरोबर नेहमी लेनी नावाचा गडी असे, साठीचा, तोंडाळ. तिसऱ्या दिवशी जुनी तुळई उचलताना त्याची पाठ धरली. "मी आता फक्त सल्ला देऊ शकतो," तो म्हणाला, आणि त्याची बायको त्याला मोटारीत आडवा घालून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिडिया कामावर निघाली, तर वेस आधीच गाडीत बसला होता. मांडीवर थर्मास, पायाशी स्वतःची जुनी पिशवी.

"कुठं?"

"फळी धरायला माणूस लागतो की नाही?"

त्या दिवशी त्यानं अंगणात रचून ठेवलेल्या जुन्या फळ्या एकेक करून उलट्या केल्या. प्रत्येकीवर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. एकेका फळीला कान लावला. लिडिया नव्या सांगाड्यावर काम करत होती, पण तिचं लक्ष तिकडेच होतं.

"लिडिया."

"काय?"

"फळ्या ठणठणीत आहेत."

"ठाऊक आहे मला."

"सव्वीस वर्षांच्या फळ्या. एकही कुजलेली नाही."

"कुजला तो सांगाडा. बांधणाऱ्यानं भिंतीशी पत्राच घातला नव्हता. पाणी सरळ आत. तिथं तुझा ब्रश कसा पोचणार?"

वेसनं मान हलवली, आणि नंतर बराच वेळ त्याच्या ओठांवर शीळ होती. पायरीची फळी उलटली तेव्हा लिडियाला ते दिसलं. खालच्या अंगाला, कोरड्या लाकडावर, सुताराच्या पेन्सिलीनं एकाखाली एक ओळी लिहिलेल्या. तारीख, हवा, हात किती. 'नऊ जुलै, ढगाळ, दोन हात.' 'अठरा जुलै, ऊन, दोन हात, डास.' सुरुवातीची अक्षरं सुबक, शेवटची तीन-चार वर्षं वाकडीतिकडी. तिनं फळी होती तशी ठेवून दिली.

नवी फळी मात्र वेसला कोड्यात टाकत होती. तो ती नखानं खरवडे, नाकाशी नेई.

"या टोकाला एवढी फट का सोडलीस?"

"आज गार आहे. फळी आकसलेली आहे. उन्हाळ्यात लांबते. आत्ता चिकटवून बसवली तर जुलैत फुगून वर येईल."

"थंडीत आखडते, उन्हात सैल पडते." तो विचार करून म्हणाला. "आपल्यासारखी फिनलंडचीच दिसते."

खिडकीतून बाईंचा हसण्याचा आवाज आला. त्या दिवसभर खिडकीशीच असत.

शनिवार उजाडला तेव्हा रेडिओ सांगत होता की उद्या रात्रीपासून बर्फ. आणि रविवारी लिडिया हातोडी हातात घेत नसे. तिच्या आईनं शेवटच्या दुखण्यात तिच्याकडून तेवढा एक शब्द घेतला होता. एकतीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. म्हणून सगळं आजच व्हायला हवं होतं. चार वाजेपर्यंत शेवटची फळी बसली. फळ्यांची टोकं बाहेर कमीजास्त निघालेली होती. आता भुकटी लावलेलं सूत ताणून एक सरळ रेघ मारायची, त्यावरून करवत फिरवायची, की काम संपलं.

"तू सूत मार," लिडिया म्हणाली. "खुणा केल्यात दोन्हीकडं. मी करवतीचं पातं बदलून आणते."

ती गाडीपाशी गेली. पातं अडकलं होतं. दहा मिनिटं लागली असतील.

परत आली तेव्हा वेस गुडघ्यांवर बसला होता आणि बाईंच्या भुरक्या डेकवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालभडक रेघ होती.

लिडियाच्या सुताच्या डबीत लहान मुलांना लावायची पांढरी पावडर असे. कॉम्पोझिट बसवणारे सगळे तीच वापरतात. लाल भुकटी या फळीत शिरली की शिरली. पण त्या संध्याकाळच्या उजेडात भुरक्यावर पांढरं दिसेना, म्हणून वेसनं आपल्या पिशवीतली, वडिलांच्या वेळची लाल सुताची डबी काढली होती. लाकडावर कुणी त्याचा विचारही करत नाही. घासलं, वर तेलाचा हात दिला, संपलं. आणि त्याचा हात थरथरला होता. रेघ खुणेच्या दोन बोटं आत पडली होती. तिथून कापावं तर खालच्या सांगाड्याची कडा उघडी पडणार, खुणेवर कापावं तर रेघ डेकवरच राहणार.

"निघेल ना?" त्यानं विचारलं.

लिडियानं बादली आणली. साबण, मऊ ब्रश. दोघांनी घासलं. पाणी गुलाबी झालं आणि रेघ होती तिथंच राहिली. फळ्या पुन्हा मागवायच्या तर तीन आठवडे. वेस गुडघ्यांवरून उठला नाही. तो आपल्या हाताकडे बघत होता, जसं एखाद्या परक्या माणसाकडे बघावं.

दार उघडलं. बाई काठी टेकत बाहेर आल्या. रेघेपाशी येऊन थांबल्या.

"ही कुणी मारली?"

"मी, बाई." वेसचा आवाज दुसरीतल्या पोरासारखा झाला होता.

"पट्टी न घेता?"

वेसनं लाल डबी पाठीमागं सरकवली.

"बाई, मी फळ्या बदलून देते," लिडिया म्हणाली. "फक्त बर्फाच्या आधी नाही होणार."

बाईंनी काठी आपटून पाहिली. रेघेच्या अलीकडे, मग पलीकडे. "यावरून पाय घसरतो?"

"नाही."

"दार अडकतं?"

"नाही."

"मग पुतण्याला कळव, पास म्हणून." त्या वेसकडे वळल्या. "पण ही रेघ मला नकोय. तू केलीस, तूच काढायची. जुलैत यायचं, नेहमीच्या वेळेला. एका उन्हाळ्यात नाही निघाली तर पुढच्या."

लिडियानं तोंड उघडलं. कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात छापलं होतं की रंगीत भुकटीचा डाग निघत नाही. ते पत्रक तिनंच बाईंना पहिल्या दिवशी दिलं होतं आणि बाईंनी ते चष्मा लावून, चुका शोधत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. वर्ग शांत करायला त्या पाहायच्या, तसंच.

लिडियानं तोंड मिटलं.

"साबण सौम्य लागेल," वेस सावकाश म्हणाला. "आणि उन्हाचा दिवस बघावा लागेल."

"ते तू बघ. मला त्यातलं काय कळतं?"

रविवारी रात्री बर्फ आला. त्या हिवाळ्यात बाईंनी एकाही रविवारी चर्चमधली प्रार्थना चुकवली नाही. लिडिया त्यांना न्यायला जाई तेव्हा त्या मागच्या दारात तयार उभ्या असत, आणि वेसनं प्लॅस्टिकच्या फावड्यानं पायऱ्यांपर्यंत वाट केलेली असे. फ्रिजवरच्या लोहचुंबकाखाली आता चर्चच्या भजनांचा कागद होता.

जूनमध्ये वेसनं ब्रश काढले. तेलात नाही, साध्या पाण्यात भिजत घातले. जुलैत तो तीन दिवस बाईंकडे जात होता.

लिडिया सप्टेंबरमध्ये गेली. हिवाळ्याआधी ती आपल्या प्रत्येक डेकचे स्क्रू खालून तपासते. उताणी सरकत ती भिंतीच्या तुळईपाशी आली. लाकूड कोरडं, पत्रा घट्ट. वर काठी वाजली. फटी आता इतक्या बारीक होत्या की सपाता दिसत नव्हत्या.

"काय दिसतंय?"

बॅटरीच्या उजेडात पायरीजवळच्या नव्या वाशावर पेन्सिलीची अक्षरं होती. सुताराच्या जाड पेन्सिलीची, थरथरलेली, पण प्रत्येक अक्षर दोनदा गिरवून पक्कं केलेलं.

'चौदा जुलै. ऊन. तीन हात. काम बाकी.'

"सगळं जागेवर आहे, बाई," लिडिया म्हणाली, आणि बॅटरी विझवून आणखी थोडा वेळ तिथंच पडून राहिली.