बारवेवरची निळी टिकली

बारवेत पाणी मीच टाकलं होतं, हे आधीच सांगून मोकळी होते. मागून दुसऱ्यानं सांगितलं की माणूस चोर ठरतो.

आमची आसराची वाडी झरी गावापासून दीड कोसावर, साठ उंबऱ्यांची. मधोमध बारव. बत्तीस पायऱ्या उतरल्या की तळाशी शेंदूर लावलेले सात दगड. त्या आमच्या सात आसरा, पाण्यातल्या बहिणी. बारवेचं पाणी बाहत्तरच्या दुष्काळात गेलं ते गेलंच. पावसाळ्यात चार दिवस ओल धरते, तेवढीच. पण चैत्राच्या अमावस्येला आसराची जत्रा भरते, आणि देवीचे पाय कोरडे असताना ओटी भरायची नाही अशी आमची रीत. मग काय करायचं? त्या दिवशी पहाटेपासून वाडीतली एकूणएक बाई ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून दोन-दोन घागरी आणते आणि बारवेत ओतते. पहिली घागर माझी. वीस वर्षांत तो मान मी कुणाला दिलेला नाही. धुरपताबाईलाही नाही, आणि ती तर माझ्याआधी वर्षभर या वाडीत नांदायला आलेली.

दुपारपर्यंत सातही दगडांचे पाय बुडतात. बाहेरगावचे लोक वाकून बघतात अन् म्हणतात, काय देवीचं सत आहे, भर उन्हाळ्यात पाणी! आम्ही गप्प बसतो. एक-दोन दिवसांत ते पाणी भेगांतून निघून जातं. तोवर बघणारेही गेलेले असतात.

ब्याण्णव साली मात्र बघणारा थांबला. परभणीच्या ऑफिसातून सर्व्हे करणारा माणूस आला, तो नेमका जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कुठल्या गावाला काय आहे न काय नाही, शाळा, दवाखाना, पाणी, सगळं तो कागदावर लिहून घ्यायलता. बारवेच्या काठावर उभा राहिला, खाली बघितलं, पाणी चमकताना दिसलं. लिहिलं. प्रसादाचा भात खाल्ला अन् गेला. खाली उतरला नाही. कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं तर ओट्यावर बसलेल्या पुरुषांना विचारलं असतं, आणि पाणी कुठून येतं हे आमच्या पुरुषांना कुठं ठाऊक? त्यांना ते तांब्यातून येतं.

आमचं सगळं लक्ष तेव्हा हापशावर लागलेलं. सरकारचा नियम असा की गावाच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत पाण्याची जागा नसली तरच हापसा मिळणार. माझी सून दैवशाला सातव्या महिन्यात होती. ओढ्याचा उतार उतरायचा, दगडांवरून पलीकडं जायचं, चढ चढायचा, अन् तसंच भरल्या घागरीनं परत. मी म्हटलं, मी जाते. तर म्हणाली, "आत्याबाई, तुमचे गुडघे ओढ्यातच ऱ्हातील. मग तुम्हाला आणायला मलाच यावं लागंल." बोलायला माझ्यावरच गेली आहे. हापसा तिच्या बाळंतपणाआधी पडावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वैशाख संपत आला तेव्हा एक जीप आली. त्यातून उतरले दिनकरराव. ते तपासणीचे साहेब. सर्व्हेवाल्यांनी लिहून आणलेलं ऑफिसातल्या कंपुटरात घालून त्याचा नकाशा छापला होता, आणि छापलेलं खरं आहे का हे गावोगाव जाऊन बघायचं काम यांचं. जीपच्या बोनेटवर त्यांनी तो कागद पसरला. आमची वाडी केवढी, तर ज्वारीच्या दाण्याएवढी. आणि त्या दाण्याच्या मधोमध एक निळी टिकली.

"ही टिकली कशाची हो साहेब?" मी विचारलं.

"पाण्याची, आजी. तुमची बारव. बारमाही पाणी."

टिकली गावात म्हणजे पाणी गावात. आणि पाणी गावात म्हणजे हापसा दुसऱ्या गावात.

सरपंच आबासाहेब शेजारीच उभे होते. चहा झाला होता, सुपारी झाली होती. "सगळं बरोबर हाय साहेब," ते म्हणाले. "आमच्या बारवेचं पाणी कधी कुणी आटलेलं पाहिलं न्हाई. पंचक्रोशीत विचारा."

साहेबांनी शाळेवर खूण केली, रस्त्यावर खूण केली. आता पेनाचं टोक टिकलीवर आलं.

तेवढ्यात ओढ्याकडून दैवशाला आली. डोक्यावर घागर, एक हात कमरेवर, चेहरा उन्हानं तांब्यासारखा झालेला. बारवेच्या काठावरूनच ती चालत आली. बारमाही पाण्याच्या काठावरून, पाणी घेऊन!

मी म्हटलं, "साहेब, तुमची शाई ओली दिसायलीय. बारव मात्र कोरडी हाय."

आबासाहेबांनी डोळे वटारले. "केशरकाकू, काय बोलायलाव? देवीची बारव हाय ती!"

"मग देवीला विचारून ये. बत्तीस पायऱ्या उतर. मी काठावर थांबते."

धुरपताबाईनं माझा पदर ओढला. "केशर, गप बस. घरात दोनजिवाची सून हाय. आसरा पहिला घाव पोटुशीवर घालतेत, तुला ठावं न्हाई का? देवीचं उघडं पाडू नको."

मला लोक तोंडाळ म्हणतात, म्हणू देत. पण मी देवाधर्माला भिणारी बाई आहे. दैवशाला समोर उभी. पोटावरचं लुगडं ताणलेलं. बोलले आणि हिला काही झालं तर? आणि नाही बोलले तर ही रोज त्या ओढ्यात उतरणारच आहे, नवव्या महिन्यापर्यंत, दगडावर शेवाळ धरेपर्यंत.

मग माझ्या मनात आलं, आसरा कोण आहेत? सात बायाच ना. सात बायांना पाणी वाहण्याचं दुःख कळणार नाही तर कुणाला कळणार? आबासाहेबाला?

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या माणसानं पाणी कुठल्या दिवशी बघितलं?"

त्यांनी वहीतून तारीख काढली. अमावस्येचा दुसरा दिवस.

"बरोबर. त्या दिवशी होतं. मीच टाकलं होतं. पहिली घागर माझी, दुसरी हिची." मी धुरपताबाईकडं बोट दाखवलं. ती पदरात तोंड लपवून म्हणाली, "माझी दुसरी न्हाई, तिसरी. दुसरी कडूबाईची होती."

भोवती जमलेल्या बायका हसल्या. साहेबही हसले, पण पेन काही खाली ठेवलं नाही. "आजी, नुसतं सांगण्यावरून टिकली पुसता येत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, नंतर येतंही."

"मग चला खाली."

बत्तीस पायऱ्या उतरलो. गुडघ्यांचं काय झालं ते माझं मला ठाऊक. तळाला गाळ वाळून भाकरीसारखा फुटलेला. भेगांत जत्रेच्या बांगड्यांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. पण साहेब वाकून बघतच राहिले, की इथं ओल होती का, झरा होता का. मी वर बघून हाक मारली, "दैवशाला, ती घागर खाली पाठव गं!"

घागर हातोहात खाली आली. दीड तास चालून आणलेलं पाणी. वरून सून म्हणाली, "आत्याबाई, संध्याकाळचा सैपाक?"

"ऱ्हाऊ दे," म्हटलं, आणि आसरांच्या पायावर ती घागर पालथी केली.

पाण्यानं सुर्र आवाज केला. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. त्यांनी पुन्हा मान वर करेपर्यंत गाळ नुसता काळा पडला होता, पाण्याचा थेंब म्हणून नव्हता. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

पण माझं अजून व्हायचं होतं. रिकामी घागर मी त्यांच्या पुढं धरली. "दोनजिवाच्या बाईची घागर सांडली, ती तुमच्या टिकलीपायी. आता तुमी भरून आणा. कागदावर अंतर लिहायचंच हाय, तर चालूनच लिहा."

"अहो काकू!" आबासाहेब वरून ओरडले. "साहेब हायेत ते!"

"मग काय, साहेबाला पाय नसतेत का?"

दिनकरराव माणूस चांगला निघाला. घागर घेतली, चपला घट्ट केल्या. धुरपताबाई वाट दाखवायला पुढं, आणि मागं वाडीतल्या पंचवीस बायका. साहेब पावलं मोजत गेले. जाताना मोठ्यानं मोजत होते, येताना मनातल्या मनात. घागर आधी डोक्यावर घेऊन बघितली, मग खांद्यावर, मग कडेवर लेकरासारखी. ओढ्यातल्या दगडावर एकदा पाय सरकला तेव्हा "आई गं" म्हणाले ते मला इकडं काठावर ऐकू आलं. परत आले तेव्हा घागर अर्धी आणि शर्ट पूर्ण भिजलेला.

"जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर," ते धापा टाकत म्हणाले. "दीड तास."

"आणि ते रिकाम्या पोटानं," मी म्हटलं. "म्हणजे, पोटात कुणी नसताना."

त्यांनी लाल पेन काढलं आणि निळ्या टिकलीवर ही एवढी मोठी फुली मारली. मग सांगितलं, एका पानावर दहा जागा तपासायच्या असतात. बाकीच्यात एखादी चूक चालते. पाण्यात एकसुद्धा चालत नाही. आता हे सगळं पान परत जाणार, झरीकडच्या सगळ्या वाड्या पुन्हा तपासणार, आणि या वेळी माणूस पायऱ्या उतरल्याशिवाय पाणी लिहिणार नाही.

"चूक कुणी दाखवली, त्याचं नाव आणि सही लागते," ते म्हणाले.

आबासाहेब पुढं सरसावले. "सरपंच म्हणून माझं लिहा."

"तुम्ही मघाशी सगळं बरोबर म्हणालात," साहेब म्हणाले आणि कागद माझ्यापुढं केला. शाईचा डबाही काढला, अंगठ्यासाठी.

"डबा ठेवा आत," मी म्हटलं. "मी दुसरी शिकलेय."

मी सही केली. वेळ लागला, लागू दे. 'के' काढला, 'श' काढला, 'श'ची गाठ मला नेहमी त्रास देते, ती पुन्हा गिरवली. परभणीची जीप, तिचा ड्रायव्हर, सरपंच आणि सगळी वाडी, माझा 'र' होईपर्यंत उन्हात उभी होती. मग खाली एक रेघ मारली, कारण बाईंनी शाळेत तसं शिकवलं होतं.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. दैवशालाच्या पायाला सूज आली तेव्हा धुरपताबाई दारात येऊन नुसती बघून जायची. मी रोज बारवेच्या काठावर उभी राहून खाली सांगायची, "बायांनो, तुमचं खरं बोलले, वाईट नाही बोलले." आणि घागर मात्र मीच आणायची. सुनेला ओढ्यात उतरू दिलं नाही. गुडघे ओढ्यात राहिले नाहीत, सोबतच परत आले.

आषाढात बोअरची गाडी आली. वाडीच्या लिंबाखाली एकशे चाळीस फुटांवर पाणी लागलं, तेव्हा चिखलाचा असा फवारा उडाला की आबासाहेबांच्या पांढऱ्या टोपीचा रंग कुणाला सांगता येईना. हापसा बसवल्यावर त्यांनी नारळ हातात घेतला. मी म्हटलं, "आबा, नारळ धुरपताबाई फोडंल. तू हापस."

सगळ्या बायकांसमोर सरपंचानं हापसलं. पहिली घागर भरली. आणि ती मी बत्तीस पायऱ्या उतरून नेली, आसरांच्या पायावर घातली. मान माझाच होता.

नवव्या दिवशी दैवशाला बाळंत झाली. मुलगी. धुरपताबाई पहिली आली, पोरीला मांडीवर घेतलं, नाक-डोळे बघितले आणि म्हणाली, "आसरा कोपल्या न्हाईत गं केशर."

"कोपतील कशाला? बायांची खेप वाचली, अन् त्या पण बायाच."

पुढच्या चैत्रात दिनकररावांचा निरोप आला, नव्या नकाशाचं पान घेऊन. त्यात लिंबाखाली नवी निळी टिकली आहे, आणि बारवेपुढं बारीक अक्षरात लिहिलंय: जत्रेपुरतं पाणी. आणि तपासणीच्या फॉर्मवर आता सगळ्यात वर एक प्रश्न छापलाय, जिल्ह्यातल्या दर गावाला विचारायचा: तुमच्या गावची जत्रा कधी असते?

तो प्रश्न माझा आहे. त्याच्याखाली माझी सही नाही, पण ज्याला त्याला मी सांगत असते.