तळहाताएवढा तांब्याचा पत्रा

दामिनीनं फ्रीजची पिन ओढली, मग टीव्हीची, मग इन्व्हर्टर बंद केला. हेडफोन कानाला घट्ट दाबले. रेडिओतली घरघर तशीच.

“आता मले बी बंद करतं का?” सासूबाई, सखूबाई, आतून ओरडल्या. “दूध नासन त्या फ्रीजमंदी!”

“थोडा वेळ आई. आत्ता काका पाठवतीन.”

काका म्हणजे पारशिवनीचे मनोहरराव, हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबातलं जुनं खोड. दर रविवारी सकाळी ते अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर मोर्सच्या टिकटिकीत पाच इंग्रजी अक्षरं पाठवत. ज्याला लागतील त्यानं फोन करायचा. दामिनीला आजवर एकही लागलं नव्हतं. आज लागलं नाही तर ऐकणाऱ्यांच्या गटातून तिचं नाव गळणार होतं.

या लहरी लांबलचक, म्हणून तारही लांब हवी, असं क्लबात सगळे सांगत. मनोहररावांची तार संत्र्याच्या बागेवरून गेलेली. खोटं नव्हतं त्यांचं. पण लांब तारेला लांब जमीन लागते, आणि ती कोणाकडे असते हे कोणी बोलत नाही. दामिनीच्या सासरी पिढ्यानपिढ्या हातमाग. माग गेला; उरल्या दोन खोल्या आणि खाटेएवढी गच्ची. गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात बिलं करून उरलेल्या वेळात तिनं स्वतःच शिकून अँटेना जोडली: तळहाताएवढा तांब्याचा पत्रा, त्याला सिग्नल वाढवणारं इवलंसं सर्किट, आणि बांबू. केबलची अर्थिंगसुद्धा घराच्या वायरिंगपासून तोडून मागच्या बोळात वेगळी दिली.

याला लोक खेळणं म्हणतात. म्हणू द्या. उंचावर, मोकळ्यात असलं की हे खेळणं तारेच्या तोडीचं ऐकतं. पण जे येईल ते वाढवतं, सिग्नलही आणि घरातली घाणही.

मेन स्विच पाडला असता तर प्रश्न मिटला असता. पण देव्हाऱ्यात विजेचा दिवा होता, आणि त्याच्यावर संशय घ्यायची या घरात कोणाची छाती नव्हती. आज दामिनी छोटा रेडिओ हातात धरून खोलीभर फिरली. देव्हाऱ्यापाशी रेडिओ किंचाळला.

“आई, हा दिवा...”

“खबरदार! माह्या पोराले, अंकुरले, मौद्याले काम लागलं तवापासून अखंड हाय तो.”

“याच्याच अ‍ॅडाप्टरचा आवाज येऊन राहिला.”

“देवाचा दिवा काहून आवाज करन वं? काहीबी बोलतं!”

दामिनीनं वाद घातला नाही. गच्चीच्या केबलला जोडलेल्या रेडिओचे हेडफोन सासूच्या कानांवर चढवले. सखूबाईंचं तोंड कडू झालं.

“अवं माय वं! चक्कीच हाय हे त!” त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. “म्हंजे माह्या देवाच्या कानापाशी रातदिवस हेच?”

त्या उठल्या. “थांब. आंधी तेलाचा लावू दे. अखंड मोडाले नाही पायजे.” निरांजन लागलं, मगच पिन निघाली. “अन् पंखा बंद कर, दिवा इझन.”

घरघर विरली. उरली पातळ सळसळ. तिच्या तळाशी कोणीतरी टिकटिकत होतं.

पी. ई. एन. सी. तेवढ्यात शेजाऱ्यांनी पाण्याची मोटर लावली आणि सगळं बुडालं.

तिनं फोन लावला. “काका, चार लागली. पी, ई, एन, सी.”

“लागली? त्या डबड्यावर?” मनोहरराव हबकले. “अन् पाचवं?”

पेंच, म्हणजे पाचवं एच. पारशिवनीकडचं शेंबडं पोरही सांगेल.

“नाही लागलं, काका. बाजूवाल्यायनं मोटर लावली.”

“अंदाज त आला असन?”

“अंदाज आला. ऐकू नाही आलं.”



“बागेवर तार असलेल्या दोघायनं पाचही सांगतले, पोरी. पाचवं म्या पाठवलंच नव्हतं.” मग घसा खाकरून म्हणाले, “ते मोटर केव्हा लागते सांग. पुढच्या रविवारी तिच्या आंधी पाठवतो.”

दामिनीनं फोन ठेवला. देव्हाऱ्यापुढे सखूबाई ज्योतीला पदराचा आडोसा करून घामाघूम बसल्या होत्या.

“झालं का वं?”

“झालं आई. पंखा लावू?”

“नोको,” त्या हेडफोनकडे हात करत म्हणाल्या. “मलेबी ऐकू दे थोडं.”