पारूची तळी

अंकुशने खुरपे तिरके धरून दगडावरचा शेंदूर खरवडायला घेतला. पापुद्रे सुटून गवतावर पडू लागले. वर्षाला एक, असे बावीस लेप होते. नवशा शेजारी उकिडवा बसून मुलाच्या हाताकडे बघत होता.

"हळू. किरणं उडतील."

"खोल हायेत, बाबा. तूच खोदलीस ना."

दगड वाटोळा होता. मधोमध आरपार भोक, भोकाभोवती सोळा किरणे. बायको पारू गेली तेव्हा नवशाकडे कोरीव दगडाला पैसे नव्हते. तिच्या जात्याची वरची दगडी तळी खुंट्यापाशी फुटून पडली होती. फुटका काठ ठोकून त्याने ती पुन्हा गोल केली आणि छिन्नीने सूर्य काढला. मेलेल्याच्या दगडावर सूर्याबरोबर चंद्रही काढतात, पण चंद्राला जागा उरली नाही. मग ती त्याने टेकडीवर नेऊन उभी केली. तिथले पूर्वजांचे लाकडी खांब वाळवीने केव्हाच खाल्ले होते. आता ही एकटीच होती. पारूच्या दिवशी तो शेंदूर लावायचा आणि भोकात मूठभर नागली घालायचा, तिने आयुष्यभर घातली तशी.

आता टेकडी खडीच्या खाणीत जाणार होती. सरावलीकडे इमारती वाढत होत्या, त्यांना दगड हवा होता. अंकुश बोईसरच्या कारखान्यात कामाला होता. फार जुनी वस्तू सापडली तर ती जागा फोडत नाहीत, असे त्याला तिथे कोणीतरी सांगितले. त्याने पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला आणि आज तिथल्या बाई तपासायला येणार होत्या.

"आयेचा नाव काढू नको," अंकुश म्हणाला. "काढलास का टेकडी गेली."

बाई दुपारी आल्या. वयाने लहान, पण घाई नव्हती त्यांना. भोकातून बोट घालून कडा चाचपल्या, दगड उलटून मागची बाजू पाहिली.

"हे जातं तर नाही ना?"

अंकुश हसला. जात्यावर सूर्य कोण काढतो, म्हणाला. आमच्या आज्याच्या आज्यानेही हा इथेच पाहिला होता, हेही त्याने सांगून टाकले. बाई नवशाकडे वळल्या.

"आजोबा, तुम्ही सांगा. कोणी घडवला हा?"

नवशाने गवतातला शेंदराचा पापुद्रा उचलला. चिमटीत धरून त्याचा भुगा केला.

"माहीत नाय."

बाईंनी ते वहीत लिहून घेतले.

महिन्याभराने खात्याची माणसे गाडी घेऊन आली. टेकडीवर दुसरे काही सापडले नाही, म्हणाली. जपण्यासारखा हा एक दगडच, तो सुरक्षित जागी नेतो. नवशाने साठीत शिकलेल्या अक्षरांनी कागदावर नाव लिहिले. अंकुश खाली बघत उभा राहिला. होळीपर्यंत टेकडी निम्मी उरली.

पारूच्या दिवशी नात दीपा त्याला शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेली. ती सरावलीच्या चाळीत वाढलेली, पारू तिने पाहिलीच नव्हती. अंकुशने तिलाही आज्याच्या आज्याचीच गोष्ट सांगितली होती.

दगड काचेच्या पेटीत होता. धुतलेला, वरून दिवा सोडलेला. शेंदराचा कणही राहिला नव्हता. नवशाने खिशात हात घातला. नागली तळहाताला लागली. पेटीला कुठे फट नव्हती.

खाली पाटी होती. तो वाकून एकेक अक्षर लावत गेला. सूर्यचकती. पूजेची असावी. मधले छिद्र काठीवर बसवण्यासाठी. शेवटच्या ओळीवर त्याचे बोट थांबले. ती वाचायला त्याला अक्षरे लावावी लागली नाहीत.

दीपाने मोबाइलवर फोटो काढला.

"आजा, किती सुंदर हाय. कोणी केला असंल रं?"

नवशाने खिशातली मूठ तशीच ठेवली आणि दुसऱ्या हाताने पाटीची शेवटची ओळ दाखवली.

घडवणारा : माहीत नाही.