कॅमेऱ्यापुढच्या फेऱ्या

शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाड्या तुंबल्या की मुंगीलाही वाट मिळत नाही. त्यातल्या काही गाड्या औंढ्याच्या रस्त्याने वळवता येतील का, हे बघायचं काम माधवीच्या कंपनीकडे आलं. माधवी औंढ्याचीच लेक. तिने गावाच्या वळणावर कॅमेरा बसवला. समोरून गाडी गेली की कॉम्प्युटर ती आपोआप मोजायचा. निघताना तिने वडिलांना, हौशीरामांना, सांगितलं, "आबा, रस्ता रिकामा दिसला तर इकडून गाड्या सोडतील. भरलेला दिसला तर नाही."

एवढं सांगायला नको होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, हौशीरामांना तर अर्धा शब्दही पुरतो.

सोमवारी पुण्याच्या ऑफिसात माधवीने आकडे उघडले आणि ती चक्रावलीच. औंढ्याच्या रस्त्यावर भर बाजारासारखी वर्दळ, तीही नुसत्या ट्रॅक्टरांची! तिने चित्रीकरण लावलं. पुढच्या ट्रॅक्टरवर शेजारचे सखारामकाका, मागच्यावर इस्त्रीची टोपी घालून साक्षात तीर्थरूप. गेले, देवळाला वळसा घालून आले, पुन्हा गेले. बरं, लबाडी करायची तर गुपचूप करावी की नाही? हौशीराम दर फेरीला कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होते, कारण पलीकडे लेक बसलेली! माधवीला हसू आवरेना.

हसता हसता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मधेच हौशीराम ट्रॅक्टर रस्त्यात आडवा घालून थांबत. मग आई, अंबूबाई, दुखरा गुडघा सांभाळत, काठी टेकत रस्ता ओलांडत. घर अलीकडे, गोठा पलीकडे, आणि म्हैस अशी हट्टी की अंबूबाईंचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. अंबूबाई गोठ्यात शिरेपर्यंत ट्रॅक्टर जागचा हलत नसे. म्हातारा कशापायी डिझेल जाळतोय ते माधवीला कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

पण खोटं ते खोटंच. फेऱ्या मोजणीतून काढल्या तर रस्ता रिकामा, म्हणजे आईच्या वाटेत गाड्यांची रांग. ठेवल्या तर सगळ्या आराखड्याचा बट्ट्याबोळ. ती सरळ वरिष्ठांकडे, ओंकार साहेबांकडे, गेली आणि चित्रीकरण त्यांच्यापुढे ठेवलं.

"हा टोपीवाला कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझे वडील, सर. या फेऱ्या मी काढून टाकते. पण आपण कॉम्प्युटरला फक्त गाड्या मोजायला सांगितलंय. पायी जाणारी माणसं, गुरं त्याच्या हिशेबातच नाहीत. तीही मोजू या."

साहेबांनी तिला चार शब्द सुनावले, पण परवानगी दिली. मोजणी पुन्हा झाली, या वेळी माणसागुरांसकट. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी अख्खा गाव रस्त्यावर पायी असतो हे त्यात स्वच्छ दिसलं.

निर्णय झाला तशी माधवी गावी आली. "आबा, तुमच्या फेऱ्या मी पुसून टाकल्या."

हौशीरामांचा चेहरा उतरला. "मंग, येनार गाड्या?"

"येणार, पण दुपारच्या. धारेच्या वेळी त्यांना रस्ता बंद."

हौशीरामांनी मोठा श्वास सोडला. मग हळूच विचारलं, "त्यो म्या हाय, ह्ये सायबाला कळलं?"

"मीच सांगितलं."

"येडी का काय तू? नोकरी गेली असती म्हंजी? म्हनायचं, असंल कुनी तरी येडा म्हातारा!"

"तसंच म्हणणार होते. पण तेवढ्यात तुम्ही आईसाठी ट्रॅक्टर आडवा घालून थांबलेले दिसलात. तो माणूस माझा कुणी नाही, असं कुठल्या तोंडाने सांगू?"

भाकरी थापता थापता अंबूबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "माज्यासाठी व्हय? मला तर म्हनला हुता, गावासाठी चाललंय म्हनून."

हौशीराम उठले आणि दाराकडे बघत म्हणाले, "मंग? तू काय गावाभाईर ऱ्हातीस?"