सकाळीच मला धाप का लागायची?

मी एक जुनी, फिकट निळ्या रंगाची मोटारगाडी आहे. मित्रांनो, माझ्या दारावर ओरखडे आहेत, मागची काच अर्धीच खाली होते. पण आज सांगायचं आहे ते माझ्या एका दुखण्याबद्दल. ते दुखणं होतंच मोठं नवलाचं.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पत्र्यांचा खणखणाट, ओल्या रंगाचा वास आणि शेवटचा बोल्ट आवळून एका कामगाराने टपावर मारलेली थाप, एवढंच. पुढे मी आमच्या नर्सबाईंकडे आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या जखमा धुतात, पट्ट्या बदलतात, इंजेक्शनं देतात. पहिलं घर सकाळी साडेसहाचं. न्याहारीआधी इन्सुलिन घेणारे एक मास्तर तिथे वाट पाहत असत. अकरा वर्षांत मी त्यांना एकदाही ताटकळत ठेवलं नाही. "गाडी म्हणजे माझा तिसरा हात," असं नर्सबाई म्हणाल्या की माझं बॉनेट अभिमानाने फुगायचं.

मग एका हिवाळ्यात कुठेतरी बिनसलं. सकाळी चावी फिरवली की मी खोकायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. चौथ्या-पाचव्या खेपेला कशीबशी चालू झाले तरी अंगभर थरथर. दहा मिनिटांनी मात्र सगळं ठीक! दिवसभर कितीही वेळा बंद करा, चालू करा, मी एका हाकेत तयार.

तीनदा मला मिस्त्रींकडे नेलं. नर्सबाईंना सवड दुपारची, आणि तोवर मी गावभर फिरून तापलेली. मिस्त्रींनी चावी फिरवली की मी शहाण्यासारखी लगेच चालू व्हायची. तरी त्यांनी प्लग बदलले, बॅटरी बदलली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच रडगाणं. शेवटी ते म्हणाले, "ताई, वय झालं हिचं." ते वाक्य सगळ्यांनी उचललं. मला धुणं-पुसणंही थांबलं. एके दिवशी मी ऐन चौकात बंद पडले आणि मास्तरांचं इंजेक्शन पाऊण तास लांबलं. त्या संध्याकाळी नर्सबाईंनी भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या.

घरात एकाच माणसाला हे पटेना. ते म्हणजे नर्सबाईंचे सासरे, आमचे आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केलेली.

"सूनबाई, ही सकाळीच का रुसते गं?"

"जुनी झाली, बाबा."

"अगं, जुनी तर ती दुपारीही असते की!"

नर्सबाई हसल्या, पण आजोबांच्या डोक्यातून ते जाईना. शनिवारी पहाटे पाचलाच ते कानटोपी घालून माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले. "इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही," ते स्वतःशीच पुटपुटले, "पण काटे कळतात." त्यांनी चावी अर्धीच फिरवली. इंजिन बंदच, फक्त स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या फलकावरचे दिवे लागले. एकेक काटा ते निरखू लागले. पेट्रोलचा बरोबर. वेगाचा शून्यावर. आणि इंजिनाच्या तापमानाचा? तो टुणकन उठून थेट मध्यावर जाऊन उभा राहिला!

आजोबा खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवला. ते गारठलेलं, वर दवाचे थेंब.

"रात्रभर थंडीत उभी आहे, आणि काटा म्हणतो गरम!" त्यांनी लागलीच मिस्त्रींना फोन लावला. "आत्ता या. अजून चालू केलेली नाही, कुणाला करूही देणार नाही."

मिस्त्री डोळे चोळत, कुरकुरतच आले. काटा पाहिला आणि त्यांची झोपच उडाली.

"काका, इंजिन गार असलं की त्याला पेट्रोल जास्त लागतं. गार की गरम हे सांगतो एक सेन्सर. तो अडकलाय गरमवरच. म्हणून सकाळी हिला पोटभर पेट्रोल मिळतच नाही!"

मित्रांनो, माझ्याच पोटातली गोष्ट, पण मलाही ती तेव्हाच कळली.

"खात्री करा आधी," आजोबा म्हणाले.

मिस्त्रींनी सुट्या भागांच्या पिशवीतून अंगठ्याएवढा नवा सेन्सर काढला आणि जुन्याची वायर सोडवून तो बाहेरच, त्या वायरीला लटकता जोडला. काटा तळाशी गेला. एव्हाना नर्सबाईही बाहेर आल्या होत्या. त्यांनी चावी फिरवली, आणि मी पहिल्याच झटक्यात चालू झाले. खोकला नाही, आचका नाही.

"चूक माझी, ताई," मिस्त्री म्हणाले. "मी काटा बघायचो दुपारी. दुपारी तो खरंच सांगायचा ना!"

जुना सेन्सर काढून नवा घट्ट बसवला, त्यात सांडलेलं इंजिनातलं पाणी पुन्हा भरलं, आणि साडेसहाला आम्ही मास्तरांच्या दारात होतो. भंगारवाला आला तेव्हा मी घरी नव्हतेच. आजोबांनी म्हणे त्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. पुढच्या घरी एक आजीबाई आठवडाभर सकाळी खात नव्हत्या. लेक दारातच म्हणाली, "वय झालं आता, चालायचंच." आत जाता जाता नर्सबाई थबकल्या. "रात्री खातात का?" "रात्री खातात, कवळी काढून, पेज." बऱ्याच वेळाने नर्सबाई हसत बाहेर आल्या. कवळीखाली हिरडीला बारीकशी जखम होती. कुणी तोंडात पाहिलंच नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी तरी जुनं असेल. यंत्र असेल, जनावर असेल, माणूस असेल. ते अडखळलं तर "वय झालं" म्हणून पाठ फिरवू नका. कधी अडखळतं ते विचारा, आणि नेमक्या त्याच वेळी, थोडी झोप मोडून का होईना, त्याच्याजवळ येऊन बसा.