तिसऱ्याचा अर्ज

रेल्वे वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत त्यांची लॉन्ड्री होती. पुढे काउंटर, मागे बॉयलर आणि धुण्याचे हौद, वर राहायला दोन खोल्या. बाप बॉयलर सांभाळायचा, आई इस्त्री करायची आणि उरलेलं सगळं तीन मुलगे. थोरल्याला घरात दादा म्हणत. कोणत्या गिऱ्हाइकाच्या कॉलरला किती खळ लागते, हे त्याला तोंडपाठ होतं. मधला बोक्या, कारण दुधावर झाकण असो वा नसो, साय त्याच्याच पोटात जायची. धाकटा चिमण. तो अंगाने बारीक, भावांचे उतरलेले कपडे घालून वाढलेला. "शर्ट तू घातलायस की शर्टाने तुला?" असं बोक्या त्याला रोज विचारायचा.

युद्ध सुरू झालं आणि पहिल्याच यादीत दादाचं नाव आलं. लग्नाला आठ महिने झाले होते. जाताना तो बायकोशी कमी आणि चिमणशी जास्त बोलला, तेही बॉयलरच्या झडपेबद्दल. सहा महिन्यांनी नदी ओलांडताना तो गेला. दोन अधिकारी घरी येऊन सांगून गेले. त्या वेळी वहिनी काउंटरवर धुतलेले कपडे कागदात बांधत होती. तिने सगळं ऐकलं, हातातल्या गठ्ठ्याची गाठ मारली आणि मगच खाली बसली.

त्यानंतर बोक्या आपणहून भरती झाला. आईने हातापाया पडून पाहिलं.

"अगं, यादी येतेच आहे," तो म्हणाला. "उशिरा जाणाऱ्याला जेवायला करपलेलं मिळतं."

त्याची पत्रं आली की वहिनीसुद्धा हसायची. 'इथल्या चादरी पाहिल्यास तर तू रागाने शत्रूला जाऊन मिळशील,' असं त्याने एकदा आईला लिहिलं. मग पत्रं थांबली. आधी तो बेपत्ता असल्याचं कळलं आणि सात आठवड्यांनी प्रेत सापडल्याचं.

तोवर चिमणलाही बोलावणं येऊन तो आघाडीवर पोचला होता.

लष्कराच्या कचेरीतला एक कारकून त्यांच्याकडे कपडे टाकायचा. बोक्याचं कळल्यावर तो मुद्दाम आला. "एका घरातले दोन गेले असतील तर तिसऱ्याला आघाडीवरून मागे आणता येतं," तो म्हणाला. "फक्त वडलांच्या सहीचा अर्ज लागतो." अर्जाचा कागदही त्याने सोबत आणला होता.

बापाने आधी चिमणला विचारलं. दहा दिवसांनी उत्तर आलं: 'बाबा, अर्ज करू नका. आमच्या तुकडीत अकरा जण आहोत. प्रत्येकाची आई वाट बघते आहे. मी एकटा उठून निघालो तर यांना तोंड कसं दाखवू?'

बापाने पत्र इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. "पोराने सांगितलंय. आता तो काही लहान नाही."

"बोक्यानेही सांगितलंच होतं. ऐकलं ना आपण त्याचं?"

"अगं, त्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तोंड राहिलं तर जागा शोधेल तो."

तिने इस्त्री बाजूला ठेवली, हात पुसले आणि कागद-पेन त्याच्यापुढे सरकवलं. "अहो, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही." हे काही खरं नव्हतं, पण त्याने वाद घातला नाही. चष्मा लावून सही केली.

"तुझ्यासाठी करतोय," तो म्हणाला. "त्याच्यासाठी नाही."

महिन्याभरात हुकूम निघाला. आघाडीच्या बऱ्याच मागे एक मोठं लष्करी इस्पितळ होतं. चिमणच्या कागदांवर 'लॉन्ड्रीचं काम येतं' असं लिहिलेलं, म्हणून त्याला तिथल्या लॉन्ड्रीत टाकलं. हे ऐकून आई दीड वर्षात पहिल्यांदा खळखळून हसली. "जन्मभर पिळलं तेच पिळायला नेलं गं त्याला!" ती सुनेला म्हणाली.

त्याचं पत्र आलं, पण बापाच्या नावाने. 'पोचलो. इथे धोका नाही. तुम्हाला हवं होतं तसं झालं. आईला सांगा.'

"भाऊजी रुसलेत," वहिनी म्हणाली.

"रुसू दे. रुसायला माणूस जिवंत लागतो."

आईने त्याला उत्तर लिहिलं. दोन कागद फाडले, तिसरा पोस्टात टाकला. त्यात अर्जाबद्दल अवाक्षर नव्हतं. बॉयलर, थंडी, शेजारणीचं मांजर, एवढंच.

इस्पितळाला लागून रेल्वेचे रूळ होते. एका दुपारी विमानांनी रुळांवर बॉम्ब टाकले. रूळ वाचले, लॉन्ड्री गेली.

या वेळी एकच अधिकारी आला. त्याने दारात टोपी काढली, तशी आई म्हणाली, "तुमचं घर चुकलंय. आमचा मुलगा तिकडे मागे असतो, इस्पितळात."

त्याने कागदावरचं नाव पुन्हा वाचलं.

आईचं पत्र महिन्याने परत आलं, न उघडलेलं.

पुढच्या वर्षी युद्ध संपलं. एके सकाळी एक उंच तरुण लॉन्ड्रीत आला. चिमणच्या तुकडीतला. चिमणचा तिथे राहिलेला स्वेटर त्याने आणला होता. आईने त्याला वर नेऊन चहा दिला. तो भरभरून बोलत होता. चिमण सगळ्यांचे मोजे कसा धुऊन द्यायचा, झोपेत कसा बडबडायचा.

"तुमच्यातले किती परत आले?" बापाने विचारलं.

"सगळे! एकाचा पाय गेला, पण आलो सगळे. चिमण इस्पितळाकडे गेला आणि आठ दिवसांत आम्हाला दुसरीकडे हलवलं. तिथे मग काही झालंच..." तो थांबला. अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

आईने त्याला दारापर्यंत पोचवलं, जपून जा म्हणाली. वर येऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"बोला."

"काय बोलू?"

"मनात आहे ते बोला. वर्षभर गिळून बसलायत. मी मारलं त्याला, म्हणा एकदा."

"सही माझी होती," तो म्हणाला.

"पेन मी दिलं."

"सही माझी होती," तो पुन्हा म्हणाला आणि खाली बॉयलरकडे निघून गेला.

त्याने शिव्या घातल्या असत्या, हात उगारला असता, तर तिने ते अंगावर घेतलं असतं, उलट भांडली असती, रडली असती. त्याने तेवढंही दिलं नाही. त्यानंतर दोघांत कामापुरतं बोलणं राहिलं, पुढे तेही खुणांवर आलं. उन्हाळ्यात वहिनी माहेरी गेली आणि परत आली नाही. तिला कोणी बोलावलंही नाही.

त्या वर्षी शहरात लग्नं पुष्कळ झाली. परतलेल्या मुलांचे पांढरे शर्ट गठ्ठ्यांनी इस्त्रीला येत. आई एकेक शर्ट टेबलावर पसरायची, पाणी शिंपडायची, आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. शर्ट नेताना मुलं हसून "येतो मावशी" म्हणायची. ती मान हलवायची आणि पुढचा शर्ट ओढायची.