छतावरून मुलीची शर्यत

गुडघे गेल्यावर हार्लनने मोटारींच्या शर्यती सोडल्या आणि तो मुलीच्या, लोरीनच्या, संघात आला. काम एकच: अमेरिकेतल्या कॅरोलायनातल्या एका छोट्या ट्रॅकवर, प्रेक्षकांच्या स्टँडच्या छतावरून तिला रेडिओवर सांगायचं, बाजूला गाडी आहे की वाट मोकळी आहे. सल्ला द्यायचा नाही, हा तिच्या संघाचा नियम. गेल्या शर्यतीत तो "आत घूस!" म्हणून ओरडला आणि ती भिंतीवर आदळली.

"बाबा, परत सल्ला दिलास तर छतावरून खाली उतरवीन," तिने बजावलं होतं.

आज शेवटच्या फेरीत पुढची गाडी वळणावर जराशी बाहेर सरकली आणि आत फट पडली. हार्लनने रेडिओचं बटण दाबलं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"बाजूला कोणी नाही," तो म्हणाला. "मोकळं."

लोरीन दुसरी आली. गाडीतून उतरताच तिने विचारलं, "फट दिसली होती ना तुला?"

"दिसली."

"मलाही. पण टायर पार झिजले होते. घुसले असते तर परत भिंतच."

"मी घुसलो असतो."

"म्हणून तर तुझ्या ट्रॉफ्या कमी आणि मोडलेली हाडं जास्त!" ती हसली. "शनिवारी लवकर ये, म्हाताऱ्या. आणि टोपी आण, वर ऊन फार लागतं."